चारशे सतरा नंबरचा रस्ता

वर्लिन हॅस्केट हा आमच्या गावातला सगळ्यात हट्टी माणूस. तसं गाव म्हणायला तीनशे माणसं, त्यामुळे स्पर्धा फार नव्हती. आमच्याकडे जंगलातले रस्ते नंबरानेच ओळखतात, आणि वर्लिन ओळखला जायचा चारशे सतरामुळे. सात मैलांचा खडकाळ रस्ता, शेवटी हेरॉन तळं. त्या रस्त्यावर तो तीस वर्षं आपला पिकअप घेऊन जात होता, आणि पिकअप कसा, तर शोरूममधून आणला तसाच. मोठे टायर नाहीत, गाडी उंच करून घेतलेली नाही, पुढे दोर ओढायचं यंत्र नाही.

माझं टोइंगचं काम. अडकलेल्या गाड्या ओढून काढायच्या. त्यामुळे माझ्या गाडीला सगळं आहे, आणि वर्लिनला चिडवायला मला ते पुरायचं. "या गाडीने तिथे जाणं म्हणजे म्हातारीला खुर्चीत बसवून डोंगर चढवणं," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "हॉब, आजवर कितीदा ओढलंयस मला?" एकदाही नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

त्याचं कारण नोरीन, त्याची बायको. पाचव्या मैलावर खडकाची एक पायरी आहे, गुडघ्याच्या वर येईल एवढी. डावीकडे ओढ्याची घळ, उजवीकडे कुरण. तिथे नोरीन उतरून गाडीच्या पुढे उभी राहायची आणि हातांनी खुणा करायची. दोन बोटं डावीकडे, मूठ म्हणजे थांब. वर्लिन खडकाकडे बघायचाच नाही, तिच्या हाताकडे बघायचा. पायरीवर पुढे माणूस उभा असल्याशिवाय गाडी घालायची नाही, हा आमच्याकडचा नियमच आहे. आणि दुसरा नियम वर्लिन प्रत्येक नवख्याला ऐकवायचा: चाक गवतावर गेलं तर तू ड्रायव्हर नाहीस. जमत नसेल तर मागे वळ आणि घरी जा.

मग नोरीनला नसांचा आजार झाला. आधी काठी, मग चाकाची खुर्ची. दोन वर्षं वर्लिनने कुणाकुणाला सोबत नेऊन पायरी पार केली. हेरॉन तळ्याच्या काठी गाडी उभी करायची, काच खाली करायची, नोरीनने हात बाहेर काढून बसायचं. तिला बाकी कशाचीच हौस उरली नव्हती. अख्खा हिवाळा ती खिडकीशी बसून जूनची वाट बघायची, बर्फामुळे बंद असलेलं रस्त्याचं फाटक उघडायची.

मग एका जूनमध्ये पायरीशी ते दोघंच होते. बर्फ नुकताच वितळलेला, कुरण भिजलेलं. मी मागून आलो. नोरीनने काच खाली केली.

"हॉब, जरा उतरतोस का? पाच मिनिटं पुढे उभा राहा."

वर तळ्याकडे कुणाची तरी गाडी अडकली होती आणि माझी कॉफी गरम होती. अडकलेली गाडी काही पळून जाणार नव्हती, पण मला मस्ती करायची होती. मी म्हणालो, "नोरीन, याला म्हणावं आता तरी पैसे सोड. गाडी उंच करून घे, मग कुणाला उतरायला लागणार नाही."

 वर्लिनने माझ्यासाठी गाडी बाजूला घेतली. मी माझ्या मोठ्या टायरांवर पायरी चढून गेलो. वरून वळून बघितलं तर तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि नोरीन समोर बघत होती. मग त्याने चाक उजवीकडे वळवलं आणि कुरणातून, गवतावरून, पायरीला वळसा घालून वर आला.

दोन चाकोऱ्या उमटल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या बघून एक कुटुंब आपली साधी मोटार घेऊन त्याच वाटेने गेलं. त्यांना वाटलं रस्ताच तो आहे. मग सगळेच जायला लागले. तिसऱ्या वर्षी कुरणाच्या जागी चिखलाचा पट्टा होता आणि ओढ्याचं पाणी गढूळ.

रस्ता बंद करायचा का, यावर फॉरेस्ट ऑफिसने शाळेच्या जिममध्ये सभा घेतली. रेंजर अल्वार्डो नावाची बाई पडद्यावर फोटो दाखवत होती. तिचा सूर मवाळ होता, आम्हाला दोष देत नव्हती. "सुरुवात कुणी केली ते आम्हाला माहीत नाही," ती म्हणाली.

वर्लिन उभा राहिला. "मी केली."

मागून कुणीतरी म्हणालं, "खाली बस की, वर्लिन." तो बसला नाही.

"पहिल्या चाकोऱ्या माझ्या आहेत. मी हातांनी भरून देतो. दगड लावतो, गवत पेरतो. बायकोला तिथे फक्त गाडीनेच जाता येतं, मॅडम. रस्ता नकाशावर राहू द्या."

 "तिकडचं गवत यायला चाळीस वर्षं लागतात, मिस्टर हॅस्केट," ती म्हणाली.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उठून सांगायला हवं होतं की त्याला उतरून मदत केली नाही तो मी. त्यामुळे काही बदललं नसतं. तरी उठायला हवं होतं. मी टोपी हातात फिरवत बसलो.

फेब्रुवारीत निकालाचं पत्र आलं. नव्या नकाशात चारशे सतरा नाही. बर्फ गेल्यावर रस्त्याच्या तोंडाशी गाडीएवढाले दगड आणून टाकले, नंबराची पाटी उपटून नेली. मी वर्लिनच्या घरी गेलो, म्हटलं, आम्ही आठ जण स्ट्रेचरवरून नेतो तिला.

नोरीनच म्हणाली, "सामान म्हणून नाही जायचं मला."

गेल्या जूनमध्ये मी तिथून चाललो होतो. दगडांसमोर वर्लिनचा पिकअप उभा. तो पुढच्या चाकाशी बसून टायरची हवा कमी करत होता. खडकावर पकड यावी म्हणून करतात तशी, अडतीस पौंडांवरून अठरावर.

मी काच खाली केली. "आता कशाला, वर्लिन?"

"तिला हवा सुटतानाचा तो आवाज आवडतो," तो म्हणाला. "मग तासभर बसतो. मग हवा भरतो आणि घरी."

नोरीनचं डोकं उशीला टेकलेलं होतं. आता तिचे हात मांडीवरून उचलले जात नाहीत. मी गाडी बंद केली, खाली उतरलो आणि पलीकडच्या चाकाशी बसून वाल्व्हचं टोपण काढलं.

"उतरलास एकदाचा," ती खिडकीतून म्हणाली. चिडून नाही.

मी मान वर केली नाही. हवा मोजायच्या मापाचा काटा अठरावर येईपर्यंत हवा सोडत राहिलो.