दोन रकान्यांचा वाचक

वाचायला बसण्याआधी सुभेदार चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, पाठ ताठ करायचे आणि म्हणायचे, "पान नंबर एक. वाचतो." मग पानावर जे छापलेलं असेल ते सगळं वाचायचे. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, मागच्या कव्हरवरचा तो तेरा आकड्यांचा नंबरसुद्धा. उभी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये गेलेली. आलेल्या मेसेजमधला एक शब्द गाळणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा होता.

रहिमतपुरात आमच्या समोरच त्यांचं घर. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. सुभेदारांचं वाचन ऐकायला माणूस एकच, त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणतो. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. आधी एक डोळा, मग वर्षाच्या आत दुसरा. नजरेपाठोपाठ बोलणंही गेलं. जिभेला काही झालं नव्हतं, बोलायच्या थांबल्या एवढंच. याच काकींना पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांचे फोन नंबर तोंडपाठ असायचे, आम्ही डायरी उघडायच्या आधी त्यांनाच विचारायचो. पुतण्यानं मोबाइलवर गोष्टी लावून दिल्या, तर दोन दिवसांनी त्यांनी मोबाइल उशीखाली सारला.

सुभेदार एकदा कट्ट्यावर मला म्हणाले, "सर, आठ महिनं झालं. मी वाचतो, ती हूं म्हणती. जेवलीस का, हूं. दुखतंय का, हूं. समोरनं उत्तर आलं न्हाई की सिग्नलवाल्याचा जीव ऱ्हात न्हाई."

त्यांना दुसरं काही नको होतं. काकींनी एक वाक्य पुरं बोलावं, मग ती शिवी का असेना. त्यासाठी ते रोज पेपर वाचायचे, पंचांग वाचायचे, एकदा तर त्यांनी खताच्या पोत्यावरच्या सूचना वाचल्या. काकी हूं म्हणाल्या.

आता माझ्या पुस्तकाचं सांगतो, हसू नका. मी एक कादंबरी लिहिली होती. प्रयोगशील. हा शब्द मी त्या काळात दिवसातून चारदा वापरायचो. प्रत्येक पानाचे उभे दोन रकाने. डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, आणि एकाच घरात एकाच वेळी दोघांच्या मनात काय चाललंय ते शेजारी शेजारी. साताऱ्याच्या छापखान्यातून फोन आला होता, "सर, उजवीकडं दुसऱ्या कुणाचा मजकूर घुसलाय का?" पुण्याच्या एका जाणकारांनी 'धाडसी' एवढाच शब्द लिहून प्रत परत पाठवली. उरलेल्या प्रती दिवाणाखाली गेल्या. बायको केर काढताना त्यांच्यावरून झाडू फिरवते.

त्यातली एक सुभेदारांनी मागून नेली. "शेजाऱ्याचं पुस्तक न वाचणं बरं दिसत न्हाई," म्हणाले. तिसऱ्या दिवशी पानात बोट घालून दारात हजर.

"सर, हितं दोन स्टेशनं एकाच टायमाला बोलत्यात. कुठलं धरू?"

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "ते वाचकानं ठरवायचं. वाचकाला पूर्ण स्वातंत्र्य आहे."

"स्वातंत्र्य ठीक हाय, पर तोंड एकच हाय न्हवं?" ते म्हणाले आणि गेले. इतकी वर्षं त्या रकान्यांवर भाषणं ठोकली, पण हे पान कुणी मोठ्यानं कसं वाचेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

त्यांनी आपल्यापुरती सोय केली. आधी उजवा रकाना, मग डावा. बायकोचं आधी, नवऱ्याचं नंतर. असं आठवडाभर चाललं.

एका दुपारी मी शाळेतून येत होतो, तर त्यांच्या घरातून दोन आवाज. पाव्हणे आले असतील म्हणून डोकावलो. सुभेदार खुर्चीत ताठ बसून डावा रकाना वाचत होते आणि खाटेवरून काकी उजवा म्हणत होत्या. तोंडपाठ. मगाशी एकदा ऐकलेला. सुभेदारांचा आवाज कापत होता, पण मेसेज अर्ध्यात सोडायचा नाही म्हणून ते वाचतच होते. पान संपल्यावर त्यांनी कसंबसं विचारलं, "आगं, मधीच कशी बोलाय लागलीस?"

"मग?" काकी म्हणाल्या. "ह्यो येवढा बोलतोय, तवर ती काय गप बसली आसंल व्हय?"

सुभेदार चष्मा पुसायला उठून परड्यात गेले. बराच वेळ आले नाहीत.

तिथून रोज एक पान, दोघांच्या तोंडून. "तुमी फुडं पळालासा, मागं या," असं काकी दटावायच्या, आणि सुभेदार "रिपीट" म्हणून ओळ पुन्हा घ्यायचे. हळूहळू काकी पुस्तकाबाहेरचंही बोलू लागल्या. पहिला हप्ता मलाच मिळाला. "सर, तुमची ती बाई चुलीवर दूध ठिवून येवढा इचार करती. दूध उतू गेलं आसतं की." दुसरी आवृत्ती निघाली तर दूध काढून टाकीन, असं मी कबूल केलं.

पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. प्रत खिळखिळी झाली तेव्हा सुभेदारांनी ती दाभणानं शिवून घेतली. तुम्ही लिहिणारे असाल तर तुम्हाला कळेल, पुण्याचा तो 'धाडसी' शब्द मी त्याच दिवशी विसरलो.

मग एका सकाळी बंबात लाकूड सारताना सुभेदारांच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला रडू आलंच, पण त्याहून भीती वाटली ती काकींची. दहावा झाला, पाहुणे पांगले, तरी मी तिकडं फिरकलो नाही. त्या मला हूं म्हणाल्या तर काय करायचं? शेवटी त्यांनीच पुतण्याकडून निरोप धाडला. गेलो तर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या.

"सर, ह्या खेपंचं शेवटचं पान तेवढं ऱ्हायलंय. दोनी बाजू मला एकटीला म्हणता येत न्हाईत, त्यांची तुमी म्हणा."

त्या शेवटच्या पानावर कादंबरीतला नवरा अर्ध्यातच संपतो. मेला की निघून गेला, मी लिहिलेलं नाही. खाली डावीकडे नुसता कोरा कागद, आणि उजवीकडे बायको एकटीच पानाच्या तळापर्यंत बोलत राहते. त्या कोऱ्या जागेचा मला भारी अभिमान होता. सुभेदारांनी तिच्याबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मी पान उघडलं. ती जागा कोरी नव्हती. शिसपेन्सिलीनं, सुट्या सुट्या ठसठशीत अक्षरांत, काकींच्या प्रत्येक ओळीसमोर एक ओळ लिहिलेली होती.

काकींनी म्हणायला सुरुवात केली. माझ्या छापील ओळी संपल्या आणि मी थांबलो.

"आवं सर, थांबू नगा," काकी म्हणाल्या. "हितनं खाली त्यांचं लय हाय."

मी वाचू लागलो. "हाय. ऐकतोय. तुजं चालू दे. तांब्या डाव्या हाताला हाय. सांजची गोळी मी देतो, तू उठू नगंस. पाणी आलंय, मी भरतो. काठी दारामागं हाय, पर बस अजून. कुठं जात न्हाई मी. बोल."

माझा आवाज फुटत होता, काकींचा नाही. त्या माझ्यासाठी दोनदा थांबल्या. शेवटच्या ओळीला आम्ही दोघं एकदमच पोचलो.