दोऱ्याचं माप

ड्रॉवरमध्ये गाठ मारलेला काळा दोरा सापडला आणि मी मनानं पुन्हा नांदेडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घामाघूम उभा राहिलो. आमच्या मुक्या कॉम्प्युटरला साउंड कार्ड हवं होतं. संध्याकाळी त्यावर भजनांची सीडी ऐकवतो, असं मी आमच्या खेड्यात, गोरेगावभर सांगून बसलो होतो.

"स्लॉट कोणता, जुना का नवा?" दुकानदारानं विचारलं.

बांगडीचं माप काढावं तसा स्लॉटवर, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेवर, धरून आणलेला दोरा मी पुढे केला. "बराबर एवढा."

"चप्पल घ्यायला आलात का, भाऊ?"

लांबी जुळली, पण घरी येऊन पाहतो तर कार्डाचे दात वेगळेच. अंगणात माणसं ताटकळलेली. शेवटी वडिलांनी टाळ उचलले. "काहून तकलीफ देऊन राहिला त्या कॉम्प्युटरला? मीच म्हणतो."

ते तासभर गायले. मी आत कार्ड उलटसुलट दाबत बसलो होतो. आज कितीही आठवलं तरी त्यांच्या भजनातली एकही ओळ आठवत नाही.