लोकाच्या रानात पडलेलं शेण

गेल्या उन्हाळ्यात माती तपासणारे लोक आमच्या गावात आले होते. आमचं रान आष्टीकडचं, बोटभर मातीखाली सगळा मुरूम. त्यांनी त्यातलीच थोडी पिशवीत घालून नेली आणि मग सांगून पाठवलं की नत्र फार कमी आहे, शेणखत घाला. मला अशी चीड आली म्हणून सांगू. आमच्या मातीला लागायचं नत्र कुठे गेलं ते मला तपासणीविना ठाऊक आहे. ते कारखान्याच्या पट्ट्यात, दुसऱ्याच्या काळ्या जमिनीत गेलं आणि तिथल्या उसाने खाल्लं.

मी लहान असताना दसरा झाला की आई, आबा आणि मी ऊसतोडीला निघायचो. बैल, गाडी, भांडीकुंडी सगळं ट्रकमध्ये. तिकडे एका बागायतदाराच्या मोकळ्या रानात आमची कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, पडायची. भाडं काही नव्हतं, बोली एवढीच की बैलांचं शेण त्याच्या रानाला राहणार. बैल हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, पोट तट्ट फुगेपर्यंत खायचे आणि मी सकाळी पाट्या भरभरून शेण मालकाच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. पुढच्या साली बघावं तर ते खत पडलेल्या तुकड्यातला ऊस काळपट हिरवा आणि नुसता माजलेला. आबा त्याच्याकडे बघत उभे राहायचे. मुकादम ओरडला की पुन्हा कामाला लागायचे.

गावी परतेपर्यंत चैत्र उजाडायचा. मग दसऱ्यापर्यंत बैल घरी, पण तेव्हा पडेल त्या शेणाच्या आई गवऱ्या थापायची, कारण चुलीला दुसरं जळण नव्हतं. तिचं माहेर दिंद्रुडकडचं. तिकडे उकिरडे उपसून गाड्याच्या गाड्या खत रानात ओततात. थापता थापता ती हमखास म्हणायची, "आमच्या तिकडं शेन जाळलं तर लोकं नावं ठिवतेत."

"मग तितंच ऱ्हायचं व्हतं की," आबा म्हणायचे आणि दिवसभर फुगून बसायचे.

एका साली आबांनी मुकादमाला सरळ नाही म्हणून सांगितलं. आईला म्हणाले, "बैल आपले, रान आपलं, मग शेन लोकाच्या रानात कावून टाकायचं? आवंदा हितंच ऱ्हाऊ. रान एकदा खतानं धरलं की कोयता बंद." आबांना इतक्या उमेदीने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी तर हुरळूनच गेले, त्या साली माझी शाळा सुटणार नव्हती. आईने गवऱ्या बंद केल्या आणि जळणासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या वेचायला लांबलांब जाऊ लागली. आबांनी घरामागे खड्डा खणला. सकाळचं शेण ते स्वतः उचलायचे, आम्हाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

पण बैल खाईल तेवढंच शेण पडतं, हे आम्ही तिघंही विसरून बसलो होतो. तिकडे वाढ्याला तोटा नव्हता. इथे दिवाळीनंतर बांधावरचं गवत वाळून गेलं, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली आणि कडबा म्हणून हाताला काडी लागली नाही. बैलांची हाडं मोजावीत अशी गत झाली. शेण पडायचं ते कोरडं, मूठभर. खड्ड्याचा तळसुद्धा धड झाकला नाही.

"आवो, शेन बैलाचं नसतंय," आई एका सकाळी म्हणाली. "पान्याचं असतंय. आपल्याकडं पानीच न्हाई." ती टोमणा मारत नव्हती.

पुढे एक बैल बसला तो उठेना. भावकीतल्या माणसांनी पोटाखाली वासा घालून त्याला उभा केला. त्यानंतर आबांनी जोडी बाजारात नेऊन विकली. ठेवली असती तर दोन्ही बैल दावणीलाच मेले असते. खड्ड्यातलं खत रानात पसरलं तेव्हा ते कुठे पडलं हेही दिसेना. मी त्या दिवशी रडले, कुणी समजूत घातली नाही.

पुढच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा निघालो, ट्रॅक्टरच्या टोळीत, नुसता कोयता घेऊन. उतरल्यावर आबा सवयीने त्याच मालकाच्या रानाकडे वळले. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, आईची खुशाली विचारली, मग आमच्या मागे बघत म्हणाला, "बैलं कुठं हायती?"

"इकली," आबा म्हणाले.

तो जरा घुटमळला. "पावणं, राग मानू नगा. पर जागा म्या दुसऱ्या टोळीला दिलीया. त्यास्नी बैलं हायती. रानाला शेण पायजे की."

रानात कुणाची तरी जोडी वाढं खात उभी होती. आबा तिच्याकडे बघत राहिले. आईने बोचकं उचललं आणि ती रस्त्याला लागली. इतकी वर्षं मी समजत होते की त्या रानात आमची जागा आहे. जागा बैलांची होती, आम्ही त्यांच्याबरोबर आलेली माणसं. कोपी आम्ही सडकेच्या कडेला घातली. रान धरायचं बोलणं आबांनी पुन्हा कधी काढलं नाही. आता त्यांची पाठ वाकली आहे, तरी दसऱ्याला ते निघतातच.