आठवड्यात दिवस सातच

आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला मुलानं एक पुस्तिका काढायची ठरवली. हे अकोल्यात शाळामास्तर होते, बोलण्यात मिश्कील, म्हणून त्यात 'बाबांच्या कोट्या' असं एक खास पान. छापखान्यातून आलेलं कच्चं पान मुलानं मला वाचायला दिलं. पहिलीच कोटी: 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, पण आठवड्यात दिवस सातच!' खाली बारीक अक्षरात अर्थ: सासू-सुनेच्या ओढाताणीत बिचाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला एकही दिवस येत नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हटलं, "हे काढ."

"काहून? सगळ्यात भारी तर हेच आहे."

"भारी आहेच. पन तुया बापाची नाही. माई आहे."

मुलानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गोळ्यांच्या डब्याकडे.

माझी आहे म्हणजे अशी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उन्हाळा होता, गच्चीवर कुरडया घालणं चाललं होतं. शेजारच्या भाभी, त्यांच्या घरी बांगड्यांचं दुकान, सोऱ्या दाबायला आल्या होत्या. मला माहेरी, अमरावतीला, आठ दिवस जायचं होतं. सकाळपासून शब्द जुळवत होते. शेवटी विचारलं एकदाचं.

सासूबाई चीक ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी नवी होती तं मले कोन सोडत होतं? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. तुयेही येतील. दम धर."

आता गप्प बसावं की नाही? पण मी मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली. डोक्यात बेरीज आपोआप होत असे. तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, चार अन् चार आठ होतात. आठवड्यात दिवस सातच. मंग एक दिवस कोनाचा बुडते?"

भाभींचा हात सोऱ्यावरच थांबला. सासूबाईंनी मान वर केली. "काय म्हटलं?"

मला म्हणायचं होतं, हे आपलं सहजच म्हटलं. पण घाबरून नुसतं "हे… हे…" एवढंच बाहेर आलं. आणि त्या काळी आमच्याकडे बाईच्या तोंडी 'हे' म्हणजे एकच माणूस. नाव घ्यायची सोय नव्हती ना.

"हे? म्हंजे माया पोरानं असं म्हटलं?" सासूबाईंचा चेहरा खुलला. "लय इचक आहे बापा, लय डोकं चालते त्याचं! आयकलं का भाभी, माया पोरानं कसा हिसाब लावला ते!" दोघी हसून हसून लोटपोट.

आणि मी काय केलं? मान हलवली. हो म्हटलं. बेरीज बरोबर केली, आणि उत्तराखाली दुसऱ्याचं नाव लिहून आले. तेच वाक्य पोराचं असलं तर हुशारी, सुनेचं असलं तर तोंडाळपणा, एवढं मला एका क्षणात कळलं होतं. तेवढी अक्कल होती. हिंमत नव्हती. सासूबाई इतक्या खूश झाल्या की आठ नाही, पण पाच दिवस अमरावतीला जाऊ दिलं. मी भित्री बाई तिकडे ऐटीत रस ओरपत बसले, जशी काही लढाई जिंकून आले.

संध्याकाळी हे शाळेतून आले. आईनं पाठ थोपटली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तव्यावरच्या भाकरीकडे. "हो, म्हटलं असन कधी," हे म्हणाले.

झालं. पुढं ती म्हण शिक्षकांच्या खोलीत गेली, तिथून लग्नांच्या मांडवात. अंजनगावापासून पातूरपर्यंत नात्यातलं एक लग्न तिच्यावाचून पार पडलं नाही. बिचाऱ्या नवऱ्याचं शेपूट ह्यांनीच जोडलं. त्यावर पुरुषमंडळी फार हसत. मी समोर बसून हसायची, पण घडीभर उशिरा. एक दीर तर म्हणाले होते, "वहिनी साधी आहे, तिले कोटी उशिरा समजते."

एकदा मी ह्यांना म्हटलं, "ते माई आहे, माहीत आहे ना तुमाले?" हे हसले. "अवं, नवराबायकोत तुझं-माझं काय?" माणूस मनानं चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण तुझं-माझं नसलं की सगळं त्यांचंच असे, हेही खरं.

आणि अर्थ तर त्यांनी पार उलटा केला. मी नवऱ्याच्या वाट्याबद्दल बोललेच नव्हते. त्याचे सातही दिवस त्याचेच असतात. मी म्हणत होते ते असं: चार सासूचे, चार सुनेचे, ही वाटणी ऐकायला बरोबरीची वाटते, पण त्यात एक दिवस कमी आहे. सासूचे चार आधी जातात, पुरे जातात. तूट नेहमी सुनेच्याच चारात पडते. आम्ही बोलताना 'आठ दिवसांनी ये' म्हणतो आणि सातव्या दिवशी वाट पाहतो, म्हणून ती तूट कोणाला दिसत नाही.

मुलानं सगळं ऐकलं. साक्षीदार म्हणून भाभींना फोन लावला. त्या आता ऐंशीच्या पुढच्या. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "अरे बेटा, वो तो भाईसाब की बात थी! क्या दिमाग था उनका!"

इतकी पक्की थाप मी आयुष्यात दुसरी मारली नसेल.

"आई, आता बाबा नाहीत. त्याइच्यासंगं कायचा वाद?"

"ते नाहीत. मी आहे ना."

"बरं, 'आमच्या घरातली म्हण' असं छापू. कोनाचंच नाव नको."

"घरानं नाही म्हटली. मी म्हटली."

"लोक म्हनतील, वर्षश्राद्धाच्या पुस्तकात नवऱ्याची कोटी काढून घेतली."

"म्हनू दे. भेवून दिली होती, आता न भेता घेऊन राहिली. पेन आन."

त्या ओळी मी स्वतः खोडल्या, शेपटासकट. म्हणीला वेगळं पान दिलं. वर आधी लिहिलं, 'माझी एक म्हण'. मग मुलाच्या म्हणण्यावरून 'माझी' खोडून 'आमच्या आईची' केलं, कारण माझी ओळख अजून कोणाची तरी आई हीच, आणि त्या दिवशी दोन भांडणं एकदम करायची ताकद नव्हती. अर्थ मात्र माझा, माझ्या शब्दांत, तूट आणि सगळं.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर पुस्तिका वाटल्या. अमरावतीची मंडळी, अकोल्याची मंडळी, सगळी पानं उलटत होती. ह्यांच्या कोट्यांना हशा पिकला, मीही हसले, वेळेवर. मग माझं पान आलं. तेच दीर वाचत होते. वाचून झालं तरी हसले नाहीत. त्यांच्या बायकोनं पुस्तिका त्यांच्या हातातून घेतली, तेवढंच पान पुन्हा वाचलं, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली.