गोपनीय अहवालातला योद्धा

चुका सगळेच करतात हो. पण आपली चूक आपणच टाइप करून, वर लाखेचं सील ठोकून, रजिस्टर पोस्टाने नाशिकला पाठवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर नीट बघून घ्या, तुमच्या समोरच बसलाय. आणि तो चहा प्या आधी, गोष्ट जरा लांबते.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळं धुळ्यातच होतं. मी धुळ्याला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. खातं कोणतं ते विचारू नका, माझं पेन्शन अजून चालू आहे.

देवपुरात माझ्या खोलीला लागून विलास राहायचा. मूळचा यावलचा, इथे पॉलिटेक्निकला शिकवायचा. त्याच्या मावसभावाने अमेरिकेहून येताना एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पुस्तक कसलं, खेळ होता तो. त्यात पट नाही, पत्ते नाहीत. तीन-चार जणांनी बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. विलास सांगणार, तुम्ही जंगलात आहात, समोर गुहा आहे, आतून गुरगुर येतेय, बोला काय करता? आपण सांगायचं काय करतो ते, आणि ते जमलं की फसलं हे फाशावर ठरायचं. पुस्तकात वीस बाजूंचा फासा लिहिला होता. तो धुळ्यात कोणत्या दुकानात मिळणार? आम्ही तंबोल्यातले एक ते वीस आकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचो आणि डोळे मिटून एक काढायचो. आमच्या प्रत्येक लढाईला कैरीचा वास असायचा.

तिसरा होता अरुण. मेडिकलच्या दुकानात कामाला होता, म्हणून तो वैद्य झाला. औषधांची नावं त्याला आधीच पाठ होती, त्याचं पात्र दहा मिनिटांत तयार.

माझं पात्र मात्र काही केल्या होईना. आता ऐका, खरी गोम इथे आहे.

पात्र बनवायचं म्हणजे नुसतं नाव ठेवायचं नाही. त्याची ताकद किती, बुद्धी किती, चपळाई किती, त्याला काय येतं, तो कुठे वाढला, हे सगळं एका कागदावर मांडायचं. आणि विलासचा हट्ट असा की प्रत्येक पात्राला एक तरी दोष पाहिजेच. मला ते पटत नव्हतं. मी घरात पाल दिसली की पलंगावर चढणारा माणूस. दिवसभर ऑफिसात 'होय साहेब' म्हणायचं आणि रविवारी दुपारी, खेळातसुद्धा, दोष घेऊन फिरायचं? मी बनवला एक रानावनात फिरणारा योद्धा. उपाशी राहतो, वाघाला भीत नाही, डोंगरातल्या लोकांच्या बोली बोलतो, अंधारात त्याला दिसतं. दोष निरंक. विलासने तो कागद तीन रविवार परत केला. म्हणाला, हा माणूस नाही, चौकातला पुतळा आहे, याला कबुतरांशिवाय कुणी जवळ करणार नाही.

मी म्हटलं ठीक आहे, आता असा कागद करून आणतो की हा बघतच राहील.

मार्च नुकता संपला होता. ऑफिसात गोपनीय अहवालांचे दिवस. तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरी केली नसेल तर सांगतो. वर्षातून एकदा साहेब प्रत्येक कर्मचाऱ्याबद्दल आपलं मत एका छापील फॉर्मवर देतात, ते वरच्या साहेबांकडे जातं, आणि त्यावर माणसाची बढती-बदली ठरते. फॉर्मवर रकाने कोणते, तर प्रकृतिमान, बुद्धिमत्ता व आकलनशक्ती, सचोटी व चारित्र्य, विशेष नैपुण्य, सर्वसाधारण मूल्यमापन. मी तो फॉर्म हातात धरला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर खेळातलाच कागद! अमेरिकेत कुणीतरी डोकं लावून जो तक्ता काढला, तो आमच्या स्टेशनरीच्या कपाटात गठ्ठ्याने पडून होता.

हेडक्लार्कच्या हातून टाइप करताना एक फॉर्म वाया गेला होता. त्यावर वर माझंच नाव होतं, फक्त जन्मतारखेत एक आकडा चुकला होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो मशीनला लावला आणि माझा योद्धा त्यात भरला. हाताला सवय सरकारी भाषेची, तेव्हा मजकूरही तसाच उतरला. प्रकृतिमान : अत्यंत काटक, उपासमार सहन करू शकतात. विशेष नैपुण्य : डोंगराळ भागातील तीन बोली अवगत. हिंस्र श्वापदांचे भय नाही. अंधारातही साठ फुटांपर्यंत स्पष्ट दिसते. सर्वसाधारण मूल्यमापन : दुर्गम प्रदेशात एकट्याने राहण्याची विलक्षण आवड. प्रतवारी : अ अधिक. तलवार आणि धनुष्य विलास वेगळ्या यादीत लिहायचा, म्हणून ती दोन तेवढी यात आली नाहीत.

इतरांचे अहवाल मीच टाइप करत होतो, कारण मराठी टायपिंग येणारा मी एकटाच. माझा स्वतःचा मात्र मी पाहायचा नाही, हा नियम. तो आमचे हेडक्लार्क नाना एका बोटाने दोन दिवस टाइप करत बसले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तो माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि बजावलं, "तुझा आहे. गठ्ठ्यात लाव, पण उलटून पाहू नको."

मी पाहिला नाही. देवाशप्पथ पाहिला नाही. नोकरीच्या तेहतीस वर्षांत मी इतका प्रामाणिक दुसऱ्यांदा कधी वागलो नाही, आणि त्याचंच हे फळ.

साहेब दौऱ्यावर निघाले होते. खाली जीप चालू होती. टेबलावर माझ्या नावाचे दोन फॉर्म, दोन्ही पालथे. मी घाईने एक गठ्ठ्यात लावला, एक शबनम पिशवीत टाकला आणि साहेबांमागे पळालो. त्यांनी जिन्यातच, कठड्यावर कागद ठेवून, एकामागून एक सह्या केल्या. मी फक्त खालचा कोपरा वर करत होतो. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याला सील लागलं आणि तो नाशिकला रवाना झाला.

रविवारी दुपारी विलासच्या खोलीवर जमलो. मी ऐटीत पिशवीतून घडी काढली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, मोठ्याने वाच, अरुणलाही ऐकू दे.

विलास वाचायला लागला. "प्रकृतिमान, साधारण. बुद्धिमत्ता व आकलनशक्ती, एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते."

मी म्हटलं थांब. तो थांबेना.

"काम करण्याची पद्धत, स्वतःहून काहीही करत नाहीत. वेळेवर येत नाहीत, मात्र वेळेवर जातात. सचोटी निर्विवाद, कारण महत्त्वाचे काम त्यांच्याकडे दिलेले नाही. प्रतवारी, ब उणे."

विलासने कागद खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "आता कुठे माणूस झाला," तो म्हणाला. "एवढं जिवंत पात्र या खोलीत आजवर कुणी बनवलं नाही. दोष कसे ठासून भरलेत बघ."

अरुण जरा चाचरत म्हणाला, "सुरेशभाऊ, हाई मात्र बठ्ठं खरं शे." म्हणजे, हे सगळं खरंच आहे म्हणे.

एक तर आपल्याबद्दल साहेबांना काय वाटतं ते असं दोन मित्रांसमोर कळावं. आणि दुसरं त्याहून वाईट. हा अहवाल इथे असेल, तर नाशिकला काय गेलं?

विलासला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, पण मग सरळ बसून म्हणाला, उद्या सकाळी जाऊन साहेबांना खरं सांगून टाक, दुसरा अहवाल पाठवून देतील. मी हो म्हटलं. रात्री... नाही, रात्रीचं राहू द्या. सोमवारी सकाळी मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे माझ्या मनात किडा वळवळला. नाशिकला गेलेल्या कागदावर काय आहे? अ अधिक. आणि माझ्या पिशवीत काय आहे? ब उणे. मग मी कशाला आपल्या तोंडाने सांगू? कुणी सांगावं, बढतीसुद्धा मिळेल. मी दारातून मागे फिरलो. त्या दिवशी ऑफिसात मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला.

मे महिन्यात एका दुपारी साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या हातात नाशिकचा लिफाफा होता. मी चेहरा नम्र करून उभा राहिलो, बढती ऐकताना करतात तसा.

साहेब वाचत होते. धडगावच्या उपकार्यालयात जायला दोन वर्षं कुणी तयार नव्हतं. सातपुड्यातलं टोक, दिवसाकाठी दोन एसटी, वीज असली तर असली. आणि आता वरिष्ठांना अचानक हवा तसा माणूस सापडला होता. सोबत माझ्या अहवालाची प्रत जोडलेली. डोंगराळ भागातील तीन बोली, याच्याखाली लाल रेघ. अंधारातही स्पष्ट दिसते, याच्याखाली दोन रेघा.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाटील, हे मी लिहिलं?"

"सही आपली आहे, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं असावं. हे मी लिहिलेलं नाही म्हणायचं, तर न वाचता सही केली हेही लिहून द्यावं लागणार. आणि मी तोंड उघडलं, तर सरकारी फॉर्मवर काय खेळ केला ते सांगावं लागणार. दोघेही अडकलो होतो, पण धडगावला एकालाच जायचं होतं.

"चांगला अनुभव मिळेल," साहेब शेवटी म्हणाले.

आठवड्याभरात मी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीत बसलो. शहाद्यापर्यंत ठीक होतं. पुढे घाट सुरू झाला आणि माझ्या पोटातलं सगळं एकेका वळणावर बाहेर पडलं. धडगावला उतरलो तेव्हा मला धड उभंही राहवत नव्हतं.

तिथले अधिकारी मात्र स्टँडवरच घ्यायला आलेले. वयाने माझ्याहून थोडेच मोठे, बिचारे फार सज्जन. म्हणाले, लोक येतात, बोलतात, आम्हाला निम्मं कळत नाही, शिपाई रजेवर गेला की काम ठप्प. आता तुम्ही आलात. मी काहीतरी बोलणार होतो, पण ते मला सरळ ऑफिसात घेऊन गेले. दारात आठ-दहा माणसं बसली होती. त्यातली एक म्हातारी उठून माझ्या टेबलापाशी आली, माझ्याकडे निरखून पाहत बराच वेळ बोलली, मग मागच्या लोकांकडे वळून तेच पुन्हा बोलली. हे नवे साहेब अपेक्षेने माझ्याकडे बघत होते.

मला त्यातला एकच शब्द कळला. पाणी.

एका शब्दावर अख्खं टिपण उभं करणं आम्हा लिपिकांना काय अवघड आहे? मी कागद ओढला आणि अर्ज लिहून काढला. अर्जदार वृद्ध महिला असून पाड्यावर पाण्याची तीव्र टंचाई आहे, विहीर आटली आहे, दोन मैलांवरून पाणी आणावे लागते, तरी सत्वर उपाययोजना व्हावी. साहेबांना वाचून दाखवला. ते खूश झाले. तेवढ्यात शिपाई आला, इथलाच होता. साहेबांनी त्याला कौतुकाने म्हटलं, बघ, पाटलांनी पाच मिनिटांत आजीचं म्हणणं उतरवून घेतलं. जरा तिला वाचून दाखव.

शिपायाने कागद वाचला. मग म्हातारीला काहीतरी विचारलं. ती बोलली. दारातली सगळी माणसं हसली. शिपायाने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, आजीच्या पाड्यावर पाणी भरपूर आहे," तो म्हणाला. "ती म्हणतेय, या नव्या माणसाला कुणीतरी पाणी द्या, पडेल तो."

मी तोवर अर्जाला आवक क्रमांक देऊन बसलो होतो.