डोंगरातून आलेला मामांचा कुकारा

मी इथे फक्त वाचते, कमेंटसुद्धा करत नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. पण हे दुसरीकडे कुठे सांगावं, तेही कळत नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेतला उन्हाळा. माझे मामा पुण्यात आयसीयूमध्ये होते, व्हेंटिलेटरवर. हिर्डोशीला मामी एकट्या. हॉस्पिटलच्या फोनवर निम्मं इंग्रजी असतं आणि मी इंग्लिश मीडियमची, म्हणून आईने मला भोरहून त्यांच्याकडे पाठवलं. रेंज फक्त घराच्या वरच्या वळणावर यायची. तिथे मी फोनची वाट बघत उभी राहायचे.

तिकडे डोंगरातून परतणारा माणूस लांबूनच ‘कूऽऽ’ करून कुकारा देतो. घरून उत्तर आलं की त्या आवाजावर खाली उतरतो. पावसाळ्यात धुक्यात दुसरं काही दिसतच नाही. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. उत्तर परकं वाटलं, तर खाली आपलं घर नाही असं समजून माणूस दुसरीकडे वळतो. मामांचा कुकारा शेवटी वर चढून एकदम तुटायचा.

मामींनी मला तो शिकवायचा प्रयत्न केला होता. मी लाजत हळूच ‘कू’ केलं.

“अगं, कोंबडी बी याच्यापरीस मोठ्यानं वरडती!”

एका दुपारी आयसीयूमधल्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. “उजवं लंग कोलॅप्स झालंय. फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीत साठलीय, तिच्या दाबाने ते मिटलंय. आम्ही छातीत नळी घालतोय.”

मी काही विचारणार, तेवढ्यात वरच्या रानातून कुकारा आला. शेवटी वर चढून तुटलेला.

“हॅलो? तिथे कोण ओरडतंय?” मॅडमनी विचारलं.

म्हणजे त्यांनाही ऐकू आला होता.

खाली मामी भाताच्या खाचरात राब, म्हणजे भाजणीचा पालापाचोळा, पसरत होत्या. त्यांनी सवयीने तोंडाशी हात नेऊन उत्तर दिलं. मग भानावर आल्या आणि तिथेच मातीत बसल्या.

संध्याकाळी निरोप आला, फुफ्फुस पुन्हा उघडलंय.

“गुराखी असेल हो, मामी,” मी म्हणाले.

“गुराख्याला आमच्या घरचा कुकारा कशापायी? त्येच हुतं. म्या हाक दिली, आलं माघारी.”

मामांच्या घशात नळी होती. तिथे, कॉटवरसुद्धा, त्यांना आवाज काढता येत नव्हता.

पुढच्या काही दिवसांत मामींनाही खोकला लागला. घसा पार बसला. त्या ओट्यावर पडून राहायच्या. अशाच एका दुपारी मॅडमचा फोन आला — आता डावं फुफ्फुस. “वी आर ट्रायिंग,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणि वरून कुकारा आला.

मी फोन वळणावरच टाकून धावत ओट्यावर गेले. मामी उठून बसल्या होत्या, तोंडाशी हात. नुसती हवा बाहेर येत होती. कुकारा पुन्हा आला. मामींनी माझा दंड धरला. “तू दे... सई, तू दे गं...”

मी दिला. जन्मात ओरडले नव्हते इतक्या जोराने. पण तो शेवट काही जमला नाही, आवाज सरळच गेला.

वर शांत झालं. मग कुकारा आला — लांबून, वरंधा घाटाच्या बाजूने. मग आणखी लांबून. मी देतच राहिले. मामींनी माझा दंड सोडला.

“वळलं त्ये,” त्या म्हणाल्या.

वळणावर परत गेले तेव्हा फोन वाजतच होता. उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

नंतर गावात सगळ्यांना विचारलं. त्या दोन्ही दुपारी वर कोणी गेलं नव्हतं. भास म्हणावा, तर पुण्यातल्या डॉक्टरला फोनवर काय ऐकू आलं?

मामी आता बऱ्या आहेत, पण कुकारा देत नाहीत. मी शिकलेय, शेवटासकट. हिर्डोशीला गेले की वळणावर उभी राहून एकदा देते.

वरून कोणीच देत नाही.