कानसेनला न ऐकू आलेली कुरकुर

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे. तानसेन होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, निदान कानसेन तरी व्हावं, असं कुणीतरी त्याच्या तरुणपणी गमतीने म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. नाव काही फुकटचं नव्हतं. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच हा हातातला पाना खाली न ठेवता सांगायचा, "पट्टा सैल झालाय." नाहीतर, "मागचं बेअरिंग बोलतंय." एका डॉक्टरांची गाडी तीन ठिकाणी उघडून झाली होती, तरी खडखड जाईना. ह्याने बॉनेटला हातही लावला नाही. पुढच्या सीटखाली कोपरापर्यंत हात घातला आणि चष्म्याची रिकामी डबी काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली. डॉक्टर म्हणाले, "माझी आतडी-फुप्फुसंही आता तुम्हीच ऐका."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मात्र त्याच कानांनी त्याला दगा द्यायला सुरुवात केली. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, इंजिनची घरघर ऐकू यायची. पण बारीक, टोकदार आवाज एकेक करून पाय न वाजवता निघून गेले होते. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचा. "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" बायको विचारायची. "कामाचे विचार असतात डोक्यात," हा सांगायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. कानसेनला ऐकू येत नाही, हे गावभर झालं तर गाडी कोण आणणार?

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. शाळा टेकडीवर होती आणि बारा पोरांची ने-आण त्या एकट्या करायच्या. उतारावर पाच वळणं, आणि एका बाजूला कठडाही धड नाही. गाडीला त्या जिवापाड जपायच्या.

"काका, पुढच्या डाव्या चाकातून चिर्र चिर्र होतंय. चार दिवस झाले. साडेतीनला शाळा सुटते, त्याच्या आत बघाल का?"

तो त्यांच्या शेजारी बसून चक्कर मारायला निघाला. कोपऱ्यावर वळताना ताई एकदम म्हणाल्या, "हं, आत्ता! आला ना?"

त्याला काहीच आलं नव्हतं. इंजिन चालू होतं, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, बस्स. त्याने मान डोलावली.

"आला की. ब्रेकमधली धूळ आहे."

एवढं बोलून गेला आणि तेच निदान धरून कामाला लागला. गाडीच्या सांगाड्याखाली जॅक लावला, चाक काढलं. ब्रेक पॅड चांगले जाड होते. तरी घासले, हवा मारली. चाक परत बसवून दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, हललं नाही. गाडी परत रस्त्यावर काढली.

"अजून येतोय हो काका."

"पॅड घासलेत ना, बसायला दोन दिवस जातील."

"पण ब्रेक दाबल्यावर नाही येत तो. वळताना येतो."

"ताई, तीस वर्षं गाड्या बघतोय मी!" त्याचा आवाज चढला. त्याचा त्यालाच तो परका वाटला.

ताईंनी गाडी गॅरेजकडे वळवली. "तुम्ही म्हणता तर ठीक आहे," एवढंच म्हणाल्या आणि त्याला गॅरेजपाशी सोडून गेल्या. तेव्हा तीन वाजत आले होते.

त्याने हात धुतले. साबण दोनदा लावला. काहीतरी राहून गेलंय, असं मन आतून टोचत होतं आणि तो त्याला दटावत होता. एवढ्यात बायको डबा घेऊन आली.

"तीन वेळा फोन केला! शेवटी म्हटलं आपणच जावं. खाऊन घ्या आधी." डबा उघडता उघडता ती म्हणाली, "ती व्हॅन कसली कुरकुरत होती हो! तशीच परत पाठवलीत?"

त्याचा हात डब्यावरच थांबला.

"तुला कुठे ऐकू आलं?"

"फाटकाशीच. मी आत येत होते, ती बाहेर पडत होती."

"नीट आठव. सरळ जाताना येत होता?"

"नाही. त्या गटाराच्या झाकणावरून उतरली तेव्हा आला. मग कोपऱ्यावर वळताना. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. आणि मागोमाग टक्क झालं."

त्याने डबा बाजूला सरकवला. ब्रेक असा वाजत नाही. उतरताना आणि वळताना वाजतो तो बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालच्या दांड्याशी धरून ठेवणारा सांधा. तो कोरडा पडला की कुरकुरतो, झिजला की टकटकतो, आणि एक दिवस निसटतो. मग चाक आडवं पडतं आणि चालवणाऱ्याच्या हातात स्टेअरिंग असून नसल्यासारखं. आणि आपण जॅक सांगाड्याला लावला! तसा लावला की स्प्रिंगच्या ताणाने सांधा आवळलेला राहतो, ढिलेपणा दिसतच नाही. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"तुम्हाला ऐकू नाही आलं?" बायकोने विचारलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही आलं."

"केव्हापासून?"

"ते नंतर. फोन लाव त्यांना."

फोन वाजत राहिला. गाडी चालवताना ताईंचा फोन आवाज बंद करून पर्समध्ये असायचा, हे त्यांच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ होतं. त्याने पहार उचलली, स्कूटरला किक मारली. बायको जॅक मांडीवर घेऊन मागे बसली.

"तू कशाला?"

"आवाज कोण ऐकणार मग?"

टेकडीच्या पायथ्याशी घड्याळात तीन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. स्कूटर दोन माणसं आणि लोखंड घेऊन रडतखडत चढत होती. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता समोरून व्हॅन येईल. तिसऱ्या वळणावर एक ट्रक आडवा आला. जाऊ देईपर्यंत त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. बायको एका हाताने त्याचा शर्ट घट्ट धरून होती. दुसऱ्या हाताने मांडीवरचा जॅक.

शाळेच्या फाटकापाशी पोहोचले तेव्हा पोरं गाडीत बसली होती आणि व्हॅन हलली होती. त्याने स्कूटर सरळ तिच्यापुढे आडवी घातली. ताईंनी करकचून ब्रेक दाबला.

"काका! वेड लागलंय का? आत मुलं आहेत!"

"ताई, गाडी नेऊ नका. मुलांना उतरवा."

"आत्ताच तर म्हणालात, काही नाही म्हणून! तीस वर्षं बघताय ना गाड्या?"

आसपास पाच-सहा आया उभ्या होत्या. चौकीदार पुढे आला होता. मनात एक सोपं वाक्य तयारच होतं, 'मागाहून लक्षात आलं'. तेवढं म्हणून निभलं असतं कदाचित. पण ताईंचा पाय अजून क्लचवर होता.

"मला ऐकूच आलं नाही," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. वर्ष झालं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

ताईंनी इंजिन बंद केलं.

मुलं भिंतीशी ओळीने उभी राहिली. तो रस्त्यावर उताणा पडून चाकामागे सरकला आणि दोन बोटं सांध्यावर टेकवली. "ताई, स्टेअरिंग हळूहळू फिरवा. डावीकडे. आता उजवीकडे." बोटांखाली वाळू दळल्यासारखी किरकिर उमटली. बायको बाहेरून वाकली होती.

"हाच! हाच तो आवाज!"

मग त्याने जॅक खालच्या दांड्याला लावला, चाक जमिनीपासून चार बोटं उचललं, टायरखाली पहार घातली आणि दाबली. चाक खटकन बोटभर वर उडालं. सांध्याची रबरी टोपी फाटली होती आणि आतून गंजाचं लाल पाणी ओघळलं होतं.

ताई वाकून ते बघत राहिल्या. मग भिंतीकडे वळून त्यांनी मुलं मोजली. बारा भरली, तरी पुन्हा मोजली. त्या ओरडतील, असं त्याला वाटलं होतं. त्या व्हॅनच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याच कानांत दोष आहे. तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत. उद्यापासून मी बोललेही नसते."

हे त्याला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

मुलं शाळेच्या दुसऱ्या गाडीतून घरी गेली. गॅरेजमधून नवे सांधे आणि हत्यारं आणून दोन्ही बाजूंचे सांधे त्याने शाळेच्या फाटकाबाहेरच बदलले, उजेड होता तोवर. त्याच आठवड्यात बायकोने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी वेगवेगळे सूर वाजवले. बारीक सुरांच्या वेळी तो नुसता काचेतून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. कानात घालायचं मशीन मिळालं. सुरुवातीला पाना पडला तरी तो दचकायचा.

बातमी गावभर झालीच. काही जुनी गिऱ्हाईकं तुटली. राहिली त्यांना तो आता बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "आवाज कसा येतो? सरळ जाताना, वळताना, की ब्रेक दाबल्यावर? तुम्ही सांगा, मला कमी ऐकू येतं." लोक आधी अवघडतात, मग बरंच काही सांगतात. कुणी कुणी तोंडाने आवाज काढूनही दाखवतं.

ताई सहा महिने दुसरीकडे जात होत्या. त्याने निरोप धाडला नाही. एके दिवशी व्हॅन फाटकातून आत आली.

"आवाज काही नाही," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "नुसतं खालून बघून द्या."

त्याने जॅक खालच्या दांड्याला लावला, पहार उचलली आणि त्यांना म्हणाला, "इकडे या, वाका. तुम्ही स्वतःच दाबून बघा."